बसरावाले काका

बसरावाले काका कधी आडवाटेने जात नसत. बोईसरला आमच्या घरामागे गवताचं मोकळं रान होतं. ते ओलांडलं की बाजार पाच मिनिटांवर, म्हणून सगळे तिथूनच जायचे. काका मात्र डांबरी रस्त्याने लांबचा वळसा घालायचे, हातात जड पिशवी असो की डोक्यावर वैशाखाचं ऊन. लोकांना वाटे, हा माणूस सापांना भितो.

ते आमचे शेजारी, मूळचे माकुणसारचे, बोईसरच्या एका कारखान्यात वेल्डर. इराक-इराणची लढाई थांबल्यावर फुटलेल्या पाइपलाइनी जोडायला ते दोन वर्षं बसऱ्याला जाऊन आले होते, त्यावरून हे नाव पडलं. परत आल्यावर शेजारच्या बायकांनी काकूंना बसऱ्याच्या प्रसिद्ध मोत्यांबद्दल विचारून भंडावलं होतं. काकांचं उत्तर ठरलेलं असे, "मोती नाय दिसले. प्यायला गोडं पानी मिळालं तरी आमी खूश."

मी तेव्हा मुंबईत आर्किटेक्चर शिकत होते. चौथ्या वर्षाला एक सत्र बैरूतला जाऊन शिकायची संधी आली. लेबनॉनमधलं यादवी युद्ध संपून काही वर्षं झाली होती. मोडलेलं शहर पुन्हा कसं उभं राहतं, हे आम्हाला तिथे शिकायचं होतं. बाबा साताऱ्याचे, तारापूरच्या वीज केंद्रात नोकरीला. त्यांनी फॉर्मवर सही करायला साफ नकार दिला. मी दोन दिवस जेवले नाही, तेव्हा आईने उपाय काढला. काकांना चहाला बोलवायचं. त्यांनी तिकडचं वर्णन केलं की पोरगी आपोआप गप्प बसेल.

काका आले आणि विचारलं ते सगळं त्यांनी सांगितलं. त्यांच्याबरोबर केरळचा एक फिटर होता. तो पाणी आणायला गवतातून गेला. जमिनीत पुरलेला सुरुंग फुटला आणि त्याचा पाय गुडघ्यापासून गेला. काका वळसा का घालतात, ते मला त्या दिवशी कळलं. आईचा चेहरा उतरला. बाबांनी, ऐकलंस ना, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. काकांनी बशीतला चहा संपवला.

"भाऊ, पोरीला भ्या घालायला मला बोलावलंत, ते कळलं मला," ते म्हणाले. "पन तिथली मानसं पोराबाळांना घेऊन तिथंच रातात. ती कुठं जातील? हिला जाऊ द्या. कसं चालायचं, कसं बोलायचं, ते मी शिकवतो."

तिसऱ्या दिवशी कामावर जाताना सही केलेला फॉर्म बाबांनी टेबलावर ठेवला होता.

मग दोन महिने दर रविवारी आमची शिकवणी चालली. जिथे चार माणसांचे पाय पडलेत तिथेच आपला टाकायचा, हा पहिला धडा. कुणाच्या घरी काय झालं ते आपण होऊन विचारायचं नाही, हा दुसरा. मग अरबी. मला वाटलं होतं, ते पोलीस, दवाखाना असले शब्द आधी सांगतील. त्यांनी आधी शिकवलं ते 'शलोनक', म्हणजे कसा आहेस, आणि मग जेवलास का. एवढं आलं की बाकीचं लोकच शिकवतात, असं त्यांचं म्हणणं.

एका रविवारी ते मला शिरगावच्या किल्ल्यावर घेऊन गेले. मी उत्साहाने पडक्या तटाचे फोटो काढू लागले. त्यांनी मला थांबवलं.

"तिथं पडकी भिंत दिसली की आदी बघायचं, बाय, आत दोरीवर कपडे वाळत हायत का. असले तर ते कोनाचं तरी घर हाय. आदी हाक मारायची, मग फोटो."

निघायच्या दिवशी काका बोईसर स्टेशनपर्यंत आले. त्यांनी कसलाही उपदेश केला नाही. गाडी येईपर्यंत माझ्याकडून अरबी आकडे म्हणवून घेतले, आणि एक चुकला तो सुधारला.

बैरूतला मी उम्म सामी, म्हणजे सामीची आई, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाईंच्या घरी राहिले. भिंतीवर एका तरुणाची तसबीर होती. मी त्याबद्दल विचारलं नाही. बाई कामापुरतं इंग्रजी बोलत आणि बाकी गप्प असत. दुसऱ्या सकाळी मी धीर करून त्यांना म्हटलं, शलोनक, आणि लगेच अरबीतच, जेवलास का. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि पातेल्यात ढवळता ढवळता चमचा खाली ठेवून त्या हसू लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांनी समजावलं ते असं, की मी इराकी हमालासारखी बोलत होते, आणि तेही त्यांना पुरुष समजून. काकांनी बसऱ्यात फक्त पुरुषांशी काम केलं होतं. बाईशी कसं बोलायचं ते त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यानंतर रोज सकाळी उम्म सामी मला मुद्दाम तसं बोलायला लावायच्या. दोन महिन्यांनी एकदा त्यांनी स्वतःच सामीची तसबीर खाली काढली, पुसली, आणि मला त्याच्याबद्दल सांगत बसल्या.

परत आल्यावर मी हे काकांना त्यांच्या ओट्यावर बसून सांगितलं. त्यांच्या चुकीमुळे माझी फजिती झाली, असंच गमतीने सांगत होते. काका मात्र गंभीर झाले.

"ती बाई हसली?" त्यांनी विचारलं.

"रोज हसायची."

ते जरा वेळ ओट्यावर बोटाने रेघा ओढत बसले. मग म्हणाले, "मी दोन वर्सं होतो, बाय. समद्या पाइपलाइनी जोडल्या. पन कोनाला हसवायला नाय जमलं मला." एवढं बोलून त्यांनी काकूंना हाक मारली आणि सांगितलं, पोरगी आज इथंच जेवेल.