निंबाखालचे पाळणे

आमच्या मानोऱ्याकडे निंदणाला जाणारी बाई लेकराला अफू चाटवूनच घराबाहेर पडायची. मोहरीएवढी गोळी अंगावरच्या दुधात उगाळली की लेकरू दिवेलागणीपर्यंत निजून राहायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. सासूनं माझ्या पहिल्या लेकराला तशीच गोळी दिली आणि ते उठलंच नाही.

पुढे मुलगी झाली. त्याच साली दवाखान्यातल्या नर्सबाईंनी गावात सभा घेतली, तेव्हा सगळ्यांत पुढे मी बसले होते. अफू बंद, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. गावानं निंबाखाली पाळणे बांधायचे, एका म्हातारीनं लेकरं सांभाळायची आणि तिच्यासाठी प्रत्येकीनं घरातून ज्वारी काढायची. आम्ही ज्याच्या वावरात राबायचो, त्या मालकानं पाळण्यांना दोर दिले आणि वर भाषणही ठोकलं.

मी उठून म्हटलं, "मालक, दुपारी घडीभर सोडा. लेकरांले पाजून येतो."

"तुमाले सोडलं तं निंदण कोन करन? तुहा बाप?"

सभा हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण खाली बसावं लागलं.

पाळणे सुरू झाले. दुपार झाली की माझी चोळी दुधानं भिजायची. हातात विळा, कान निंबाकडे. रडणं काही ऐकू यायचं नाही. नर्सबाईही एकदा बघून गेल्या आणि म्हातारीचं कौतुक करून गेल्या. मला केवढं बरं वाटलं होतं!

एका संध्याकाळी मुलीला उचललं तर तिची मान लुळी पडली. ओठ निळे. छातीशी धरलं, पण तोंड उघडेना.

म्हातारी कपाळ बडवत होती. "उपाशी लेकरं वं माय, सारीच बोंबलून राह्यली होती. मी त्याइले काय पाजू? गुडघ्यासाठी अफू घेतो, त्यातलीच जराशी देल्ली. रोज देतो, सगळ्याइले."

मुलगी माझ्या मांडीवरच गेली.

गावानं म्हातारीला हाकललं. मालक मातीला आला, डोळे पुसून म्हणाला, "अफू लय वाईट." म्हातारीचा राग मला आजही येतो. पण ती भुकेली लेकरं तिच्या एकटीच्या गळ्यात घालून आम्हा सगळ्यांना वावरात कुणी डांबलं होतं, हे त्या दिवशी कुणीच बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायका निंदणाला गेल्या, लेकरांना घरूनच गोळी चाटवून. दुपारची सुट्टी मालकानं तेव्हाही दिली नाही.