अण्णा घरी होते ते दिवस

अण्णा कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी कामगार होते. ट्रकमधून येणारे सळ्यांचे भारे आणि पत्रे उतरवायचे, चढवायचे, हे त्यांचं काम. मूळ गाव साताऱ्याकडचं. आम्ही अंथरुणात असतानाच ते निघायचे, आणि संध्याकाळी आले की आंघोळ, जेवण आणि टीव्हीवरच्या बातम्या संपायच्या आत बसल्या जागी झोप. रविवारी गाड्या आल्या तर रविवारीही जायचे. 'बाप तुमच्यासाठी राबतोय' हे आईनं आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं, की त्यांच्याबद्दल आणखी काही कळून घ्यायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी नववीत असताना एका दुपारी त्यांच्या टोळीचे मुकादम घरी आले. चप्पल न काढता दारातच उभे राहिले. "वहिनी, घाबरू नका. क्रेनचा पट्टा सुटला. पायावर आलंय, जिवाला काय न्हाय." आई निघाली, जिन्यावरून परत आली, गॅस बंद आहे का ते बघितलं आणि पुन्हा निघाली.

आठवड्यानं अण्णा घरी आले ते डाव्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर घालून. आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीतल्या पलंगावर ते दिवसभर असायचे, आणि त्यांच्याशी कसं वागायचं ते आम्हाला कळेना. मी अभ्यासाला बसले की ते माझ्याकडे बघत राहायचे. मी वर बघितलं की भिंतीकडे बघायचे. आई शेजारणीला म्हणाली, "सवयच न्हाय वो मला, गडीमाणूस दिवसभर घरात."

महिन्याभरानं शाळेत पालकसभा होती. एरवी आई यायची, पण त्या दिवशी धाकटा भाऊ तापानं फणफणला होता. "मी जातो की," अण्णा म्हणाले. रिक्षानं गेलो. कुबड्या घेऊन ते पुढे, मी दप्तर सांभाळत मागे. व्हरांड्यात त्यांनी शिपायाला काहीतरी विचारलं आणि नेटानं एका वर्गात शिरून पुढच्या बाकावर बसले. मी दारातच थांबले. तो सातवीचा वर्ग होता.

मला आधी वाटलं, थट्टा करतायत. पण अण्णा कधी थट्टा करत नसत.

"अण्णा, मी नववीत आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फळ्याकडे. "सातवी ह्याच वर्साला न्हवं?"

"दोन वर्षं झाली."

बसलेल्या दोन बायका हसल्या. कुबड्या लावून उठायला अण्णांना फार वेळ लागला. मला लाज वाटली, पण त्यांची की माझी, ते समजेना. सभा संपल्यावर रिक्षात त्यांच्या कुबड्या मी मांडीवर घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर त्यांनी पलंगावर जागा करून दिली. "बस. तुझं सांग."

"काय सांगू?"

"समदं."

समदं म्हणजे काय, कुठून सुरू करतात? मी आपलं विज्ञानाच्या बाईंपासून सुरू केलं. ते मन लावून ऐकत होते आणि मध्येच भलतेच प्रश्न विचारत होते. शेजारी बसते ती मैत्रीण डब्यात काय आणते? तिचा बाप काय करतो? मग रोज दुपारचं हे सुरू झालं. माझ्या वेण्याही घालायला लागले. वेणी इतकी घट्ट, आणि टोकाला माल बांधायची गाठ. ती सोडवायला मलाच जमायचं नाही, त्यांनाच हाक मारावी लागायची. मला आवडत होतं आणि नकोसंही होत होतं, एकाच वेळी.

प्लास्टर निघालं. आधी काठी, मग काठीशिवाय. एका दुपारी म्हणाले, "चल, मी काम करतो ती जागा दावतो." आम्ही बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. समोर एक क्रेन पत्रे उचलत होती. ते हवेत झुलले तशी अण्णांनी माझं मनगट धरलं, दुखेल इतकं. "चल माघारी. ऊन हाय लई." थंडीचे दिवस होते, मी स्वेटर घातला होता.

त्यानंतर काही दिवसांनी आईला भाजी घेताना मुकादम भेटले. ती घरी आली, पिशवी खाली ठेवली. अण्णा भावाच्या दप्तराचा पट्टा शिवत होते.

"अवो, डॉक्टरनी तुमास्नी कामावर जायला सांगितलं हुतं?"

त्यांनी वर बघितलं नाही. "सांगितलं हुतं."

"तीन आठवडं झालं म्हणं."

"झालं असतील."

"मग?"

"जातो की उद्यापास्नं."

आणि गेले. तापातही खाडा न करणारा माणूस तीन आठवडे, पाय बरा असताना, घरात बसला होता. क्रेनला भ्यायले होते म्हणून? की आमच्यासाठी? दोन्ही मी डोळ्यांनी बघितलं होतं, तरी मला सांगता येत नव्हतं.

पहिले काही दिवस रात्रीच्या जेवणानंतर मी त्यांच्याजवळ जाऊन बसायचे. "मग?" ते विचारायचे, आणि मी तोंड उघडेपर्यंत त्यांची मान कललेली असायची. एकदा तशीच बसले असताना माझ्या मनात आलं, ह्यांचा पाय परत मोडायला हवा. आलं आणि मी इतकी दचकले की उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

त्यांनी आणखी बारा वर्षं ते काम केलं. क्रेनखाली. मला पदवीपर्यंत शिकवलं, भावाला डिप्लोमा करू दिला. ते रिटायर झाल्यावर मी एकदाच विचारलं, "अण्णा, तेव्हा तुम्ही तीन आठवडे का गेला नव्हता?"

"पाय दुखत हुता," ते म्हणाले, आणि चहा मागितला.

अण्णा वारल्यावर आईला विचारलं. ती गवार मोडत होती. म्हणाली, "मी काय इचारलं न्हाय बाई. त्यांनी सांगितलं न्हाय." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तुला काय वाटतं?"

मला कधी हे वाटतं, कधी ते. आईला मी तसंच सांगितलं, आणि राहिलेली गवार तिच्याबरोबर मोडायला बसले.