अक्काचे आठ दिवस

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोला अर्धं माहीत आहे — आणि तिला वाटतं, तेवढंच आहे. उरलेलं अर्धं आज तुम्हाला सांगायला बसलोय. कुठून धरावं, ते मात्र अजून नीट सुचत नाही.

मी औरादला राहतो. संतपूरच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात सगळी नोकरी सरली. फळ्यावर पचनसंस्था काढायचो — अन्ननलिका, जठर, लहान आतडं, मोठं आतडं — आणि मोठ्या आतड्याच्या शेवटाशी आलो की खडू भरभर चालवायचो. मुलं हसतील म्हणून, असं मी म्हणायचो. खरं तर लाज मलाच वाटायची. एवढीशी तर लाज. तिच्यानं कुणाचं काय बिघडणार?

निवृत्तीला काही वर्षं होती तेव्हा मला शौचातून रक्त जायला लागलं. मूळव्याध असेल म्हणून महिनाभर अंगावर काढलं. मग बायकोला घेऊन कलबुर्गी गाठली. बिदर जवळ होतं, पण तिथल्या दवाखान्यात कुणी ना कुणी जुना विद्यार्थी भेटला असता. डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी सांगितली — मागच्या वाटेनं कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून पाहायचं. शाळेत आणि शेजारी मी प्रशिक्षण आहे म्हणून सांगितलं, आणि लॉजच्या खोलीत बसून पोट रिकामं करायचं ते खारट औषधाचं पाणी प्यालो.

तपासणीत एक गाठ निघाली. पॉलिप म्हणतात. ती तिथंच कापून काढली. पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आणायला मी एकटाच गेलो. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नाही, पण ठेवली असती तर झाला असता. तीन वर्षांनी परत या. आणि कागद माझ्या हातात देता देता विचारलं, भावंडं किती?

एक मोठी बहीण, म्हणालो.

"तिलाही सांगा. हे रक्ताच्या नात्यात चालतं. लांबवू नका."

मी सांगतो म्हणालो.

कमलअक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माझी वेणीफणी सोडून सगळं तिनंच केलं. दुबलगुंडीला दिलेली. नवरा वारला, मुलगा पुण्याला नोकरीत, आणि ती एकटी तूर-सोयाबीनचं रान बघत राहिली. दर नागपंचमीला मात्र माझ्याकडं यायची. आली की चार दिवस घर तिचं.

त्या वर्षीच्या पंचमीला मी सांगणार होतो. शपथेवर सांगतो — नको, शपथ कशाला? सांगणार होतो, एवढंच. ओट्यावर ती शेंगा सोलत बसली होती, मी शेजारी बसलो. पण मोठ्या बहिणीला काय म्हणायचं — अक्का, तिथून नळी घालून तपासून घे? तोंड उघडेना. शिवाय माझ्या मुलीची सोयरीक चालली होती. या घराण्यात कॅन्सरचं काही आहे, अशी कुजबूज झाली तर? म्हटलं, लग्न होऊन जाऊ दे.

लग्न झालं. सोयरीक हे कारण संपलं. मग का नाही सांगितलं? पाच पंचम्या आल्या आणि गेल्या. आणि मधे तीन वर्षं पुरी झाली तेव्हा मी स्वतः मात्र न चुकता कलबुर्गीला जाऊन दुसरी तपासणी करून आलो. स्वच्छ निघाली. स्वतःची तारीख मला बरोबर आठवली होती, बघा.

त्यानंतर दोन वर्षांनी अक्काला धाप लागायला लागली. रक्त फार कमी झालेलं. बिदरच्या डॉक्टरांनी तीच तपासणी सांगितली. तिच्या घरचा संडास अंगणाच्या टोकाला, म्हणून तयारीला तिला मी माझ्या घरी आणलं.

आणि तयारी मी करून घेतली. दोन दिवस आधीपासून भाकरी, पालेभाजी, तीळ बंद — मऊ भात आणि ताक. आदल्या दिवशी नुसतं नारळपाणी, बिनदुधाचा चहा, वरणावरचं गाळलेलं पाणी. औषधाचं पाणी गार करून दिलं, म्हणजे कमी मळमळतं. प्रत्येक पेल्यानंतर चोखायला लिंबाची फोड. पुन्हा पुन्हा जावं लागतं, कातडी सोलते, म्हणून आधीच खोबरेल लावून घ्यायला बायकोकडून सांगवलं. अक्का नाक दाबून प्यायची आणि म्हणायची, "कामून एवढं पाजायलास रे? म्हशीला तरी एवढं लागत न्हाई." शेवटी पिवळसर पाणीच पडायला लागलं, तेव्हा मी म्हणालो, आता झालं, पोट साफ आहे.

ती भिंतीला टेकून बसली होती, दमून. माझ्याकडं बघत म्हणाली, "शरणू, तुला कसं रे हे सगळं ठावं?"

किती सोपं होतं तेव्हा. मी म्हणालो, "विज्ञानाचा मास्तर न्हाई का मी."

ती हसली. तिला पटलं.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. भुलीतून पुरती बाहेर यायच्या आधीच ती विचारत होती, सुरू कधी करणार. गाठ मोठी होती, उजव्या बाजूला. तुकडा तपासायला पाठवला, आणि जे यायचं ते उत्तर आलं. त्या दिवशी डॉक्टरांनी तिलाही विचारलं, भावंडं किती? मी बाहेर बाकावर होतो. ती आतून आली आणि पदरानं तोंड पुसायच्याही आधी तिनं माझं मनगट धरलं. "शरणू, तुलाबी दाखवायचं. आजच तारीख घ्यायची."

म्हणालो, आधी तुझं ऑपरेशन होऊ दे. हैदराबादची तारीख मिळाली होती. पण ती ऐकेना. "मी त्या टेबलावर पडले तर तुझ्या मागं कोण लागणार? तू लाजाळू. जाणार न्हाईस तू. तुझं बघितल्याबिगर मी जाणार न्हाई." मुलानं पुण्याहून फोनवर समजावलं, ती हटली नाही. हैदराबादची तारीख तिनं आठ दिवसांनी पुढं ढकलायला लावली.

एक वाक्य पुरलं असतं. अक्का, माझी झालीय, दोनदा झालीय. बायकोनं स्वयंपाकघरात मला तेच म्हटलं — "सांगून टाका ना त्यांना. यात लाजायचं काय?" तिला वाटत होतं, मी लाजतोय. पण ते वाक्य बोललो असतो तर अक्कानं विचारलं असतं, कधी झाली? आणि मग विचारलं असतं, तेव्हा डॉक्टर काय म्हणाले?

आठ दिवस पोटात गाठ घेऊन ती माझ्या घरात थांबली, आणि मी थांबू दिलं. माझ्यासाठी तिनं हातानं मऊ भात केला. पाणी गार करून पेले मांडले, लिंबं चिरली, आणि शेजारी बसून सांगत राहिली — दमानं पी, नाक दाब, दोन घोट झाले की फोड चोख. पहिल्यांदाच पितोय असं तोंड मी करत होतो. नीट केलं असावं, कारण तिला दया आली. पाठीवरून हात फिरवत होती.

माझं काही निघालं नाही. निघणारच नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिनं गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून कपाळाला लावलं आणि म्हणाली, "आता न्या मला."

ऑपरेशन झालं, पण रोग आधीच यकृतात गेलेला होता. डॉक्टर म्हणाले, चार-पाच वर्षांपूर्वी दिसलं असतं तर गाठ जाग्यावरच निघाली असती. हे त्यांनी मला एकट्याला सांगितलं. तिला ते कळलं नाही.

ती दीड वर्ष राहिली. शेवटची पंचमी तिनं आमच्याकडं काढली, खाटेवरच. अंगात काही उरलं नव्हतं. एका दुपारी बायको तिचे पाय चेपत होती, तेव्हा अक्का तिला म्हणाली, "याची तारीख तू ध्यानात ठेव बाई. लाजतंय हे. आपणहून जाणार न्हाई." बायकोनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "व्हय अक्का. ठेवते."

मी तिथंच, खाटेच्या पायाशी बसलो होतो.