आईचा अंगठा

माझ्या हातून जे झालं ते मी आजवर दोनदा सांगितलं आहे, आणि दोन्ही वेळा थोडं सोयीचं करून. पहिल्यांदा संघटनेतल्या मैत्रिणीला सांगताना सगळा दोष विमा कंपनीवर टाकला. दुसऱ्यांदा पावसावर. इथे तसं करायचं नाही असं ठरवून बसले आहे.

आमचं घर गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावात, नाल्याच्या काठी. पुढच्या दोन खोल्या बाबांनी बांधलेल्या. ते गेल्यावर मागची खोली आणि स्वयंपाकघर आईनं बँकेच्या कर्जातून बांधलं. कर्ज देताना बँकेनंच घराचा विमा काढायला लावला. आग, भूकंप, पूर, सगळं त्यात होतं. आईनं अर्जावर सही केली आणि पॉलिसीचा कागद तिच्या कागदांच्या पिशवीत ठेवला. मी तर तो विसरूनही गेले.

बाबा पत्रकं काढायचे. तलावाच्या पाण्याचं वाटप, रोजगार हमीची मजुरी, दारूचं दुकान, असा एकही विषय नव्हता ज्यावर आमच्या घरातून पत्रक निघालं नाही. मी अक्षरं शिकले ती त्यांवरूनच. शाळेत निबंध लिहायला सांगितला की माझा निबंध 'बंधुभगिनींनो' असा सुरू व्हायचा आणि बाई कपाळाला हात लावायच्या. पुढे मी गोंदियात खोली घेऊन राहायला लागले, संघटनेचं काम करायला लागले. कामाचा मोठा भाग पत्रकं लिहिण्याचाच होता.

त्या वर्षी पोळ्याच्या आठवडाभर आधी वरच्या धरणाची दारं उघडली. नदी फुगली आणि तिनं आमच्या नाल्याचं पाणी मागे लोटलं. दीड दिवस घरांत पाणी होतं. आई आमच्या घरांच्या ओळीतल्या इतर बायांसोबत शाळेच्या वरच्या मजल्यावर होती. मी गोंदियात पत्रक लिहीत होते: 'पूरग्रस्तांनो, भिंती पुसू नका! भिजलेलं सामान फेकू नका! फोटो काढा, पंचनामा मागा!' हजार प्रती काढल्या, बसस्टँडवर उभी राहून वाटल्या, दिसेल त्या ग्रुपवर टाकल्या. आईला रोज फोन करत होते. जेवलीस का, पाणी उकळून पी, सापाकिरड्याचं बघ. भिंतीबद्दल एक शब्द बोलले नाही. पत्रक लोकांसाठी असतं. आपली आई त्या लोकांत येते हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे मारबत निघते, पीडेच्या पुतळ्याची मिरवणूक. घरातली पीडा, रोगराई, ढेकूण, मच्छर, सगळं तिच्यासोबत गावाबाहेर काढायचं. 'घेऊन जा गे मारबत' असा ओरडा होतो आणि त्यानंतर घरात घाण ठेवायची नसते. त्या वर्षी आमच्या ओळीनं मारबतीसोबत अख्खा पूर बाहेर काढला. कुजलेल्या गाद्या, फुगलेली प्लायवूडची कपाटं, मोड आलेलं धान, सगळं शिवेपलीकडे गेलं. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची तपकिरी रेघ होती. आईनं ती ब्रशनं घासून काढली आणि वर चुन्याचे दोन हात दिले. माझी आई कोणतंही काम अर्धं सोडत नाही.

पूर उतरताच आईनं बँकेत कळवलं होतं; मारबतीनंतर तिसऱ्या दिवशी विमा कंपनीनं पाठवलेला माणूस नुकसान पाहायला आला. त्या दिवशी मीही घरी होते. शहरातला माणूस, हिंदी बोलणारा. खोलीच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "अरे वाह माताजी, घर तो एकदम चकाचक रखा है आपने."

आई खूश झाली. तिनं त्याला खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला.

"पानी कहाँ तक आया था?"

आईनं छातीला हात लावून दाखवलं. त्यानं पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं, मोबाईलवर काहीतरी टाइप केलं आणि चहा छान झाल्याचं सांगून निघून गेला.

तो वळणाआड गेला तशी मी आईवर तुटून पडले. "पुरावा पुसून टाकलास तू! अक्कल आहे का काही?"

"मारबतीनंतर घरात चिखल ठेवू का मी?"

"अंधश्रद्धा आहे ही!"

"असन. तू सांगतली होती का मले?"

माझ्या झोळीत माझ्याच पत्रकाच्या उरलेल्या प्रती होत्या.

कंपनीचं पत्र इंग्रजीत आलं. पाणी फूटभराच्या आत असावं, मागच्या भिंतीची भेग जुनी दिसते, सामान परस्पर फेकल्यामुळे त्याचा विचार करता येत नाही. मंजूर झाले ते चुन्याचे आणि मजुरीचे पैसे. इकडे मागची भिंत बाहेर कलली होती. तिला लाकडी बल्ल्यांचा टेकू दिला होता आणि आई पुढच्या खोलीत स्टोव्हवर स्वयंपाक करत होती. मिस्त्रीनं सांगितलं, पुढच्या पावसाच्या आत पाडून बांधा, नाहीतर छपरासकट खाली येईल. त्या भिंतीसाठी भांडायचं होतं.

मी कंपनीकडे तक्रार केली. त्यांनी तेच पत्र तारीख बदलून परत पाठवलं. मग विमा लोकपालांकडे जायचं ठरवलं. तिथे वकील लागत नाही, फी लागत नाही. हे सगळं मी लोकांना समजावून सांगते, त्यामुळे माझा हात चालत होता. तक्रार मी इंग्रजीत लिहिली, वजन पडावं म्हणून. साध्या माणसाला न समजणारी भाषा वापरणाऱ्या कचेऱ्यांवर मी किती पत्रकं लिहिली आहेत ते मोजायला नको. धुतलेल्या भिंतीचं कारण द्यायचं होतं, तिथे मी लिहिलं की तक्रारदार ही निरक्षर ग्रामीण स्त्री असून अज्ञानापोटी आणि अंधश्रद्धेच्या आहारी जाऊन तिने भिंत धुतली. वाक्य मला आवडलं. मी ते पुन्हा वाचून पाहिलं.

आता निरक्षर बाईची सही कशी चालणार? मी शाईचं पॅड घेऊन घरी गेले.

"सही कायले नाही?" आईनं विचारलं.

"फॉर्मच तसा आहे."

"बँकेत तर सहीच केली म्या."

"हे वेगळं आहे गं. लाव ना लवकर."

लहानपणी आमच्या ओसरीवर साक्षरतेचा वर्ग भरायचा. बाबा त्याची पत्रकं काढायचे, 'अंगठा सोडा, सही करा' अशी. शिकवायची मात्र आई. सातवी शिकलेली होती. ओळीतल्या बाया दिवसभराचं धान रोवण्याचं काम करून यायच्या आणि आई एकेकीचा हात धरून पाटीवर नाव गिरवून घ्यायची. त्याच ओसरीवर मी तिच्या अंगठ्याला निळी शाई लावली आणि कागदावर दाबून धरला. तिनं आत जाऊन राखेनं अंगठा घासला, पण नखाच्या कडेला शाई राहिली. जेवताना मला ती दिसत होती.

सुनावणी मोबाईलवर होती. आमच्याकडे नेटवर्क नीट लागत नाही म्हणून शेजारणीच्या ओट्यावर बसलो. ही शेजारीण त्या वर्गातलीच, आईच्या हाताखाली सही शिकलेली. पडद्यावर लोकपालांच्या कचेरीतून सुनावणी घेणाऱ्या मॅडम होत्या आणि कंपनीचा अधिकारी होता. मी सहा मुद्दे लिहून ठेवले होते.

मॅडम भल्या होत्या. आईला समजावं म्हणून त्यांनी माझी तक्रार मराठीत थोडक्यात सांगायला घेतली. "तक्रारदार निरक्षर आहेत, अंधश्रद्धेमुळे त्यांनी..."

"कोण वं निरक्षर?" शेजारीण मोठ्यानं म्हणाली.

आईनं तिला हातानं गप्प केलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

कंपनीच्या अधिकाऱ्यानं एक कागद कॅमेऱ्यासमोर धरला. "मॅडम, विम्याच्या अर्जावर या बाईंची मराठीत सही आहे. तक्रारीवर अंगठा आहे. मग यातलं बाकीचं तरी आम्ही खरं का मानायचं?"

मला बोलायचं होतं. मीच लिहिलं, आईला ठाऊक नव्हतं, एवढी दोन वाक्यं पुरली असती. चौकात माइकशिवाय बोलणारी मी सहा मुद्द्यांच्या कागदाकडे पाहत बसले.

"बाई, तुम्हाला लिहिता-वाचता येतं का?" मॅडमनी विचारलं.

"येते ना. ही बसली आहे ना बाजूले, हिले सही म्याच शिकवली."

"मग अंगठा कसा?"

"पोरीनं लावायले सांगतला. कागद इंग्रजीत होता. म्या विचारलं, तिनं सांगतलं नाही."

"आणि भिंत का धुतली?"

"भिंत म्या समजूनच धुतली, मॅडम. अडाणी म्हणून नाही. आमच्या इथं मारबतीनंतर पीडा घरात ठेवत नाही. कंपनीचा माणूस मारबतीच्या आधी आला असता तर त्याले रेघ दिसली असती. तेवढे दिवस तो काऊन नाही आला ते त्याले विचारा."

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. "पाणी किती होतं याचा एखादा कागद आहे का?"

"आहे ना."

आईनं पिशवीतून एक चिठ्ठी काढली. पूर उतरल्यावर विजेचं मीटर बदललं होतं आणि लाइनमननं लिहून दिलं होतं की जुनं मीटर पाण्यात बुडून बंद पडलं. मीटर आईच्या छातीच्या उंचीला भिंतीवर बसवलेलं होतं, नवंही त्याच खिळ्यांवर. इतके महिने मी फोटो शोधत होते, गावकऱ्यांचे जबाब गोळा करत होते, कायदे वाचत होते. चिठ्ठी पॉलिसीच्याच पिशवीत होती.

"हा कागद आमच्याकडे आलेला नाही," कंपनीचा अधिकारी म्हणाला.

"मले कोणी मागतलाच नाही," आई म्हणाली.

मॅडमनी चिठ्ठी आणि मीटरचा फोटो पाठवायला सांगितलं. शिवाय दुरुस्त केलेलं निवेदन मागितलं, मराठीत, आईनं स्वतः वाचून सही केलेलं. फोन बंद झाल्यावर शेजारीण आईच्या मांडीवर चापट मारून म्हणाली, "मले सही शिकाले तीन महिने लागले, अन तू एका दिवसात विसरली वं!"

आई हसली. दोघी बऱ्याच वेळ हसत होत्या. शेजारणीनं माझ्यासमोरही चहाचा कप ठेवला, पण माझ्याशी ती बोलली नाही.

निवेदन मी दोन पानी लिहिलं. कंपनीची दिरंगाई, इंग्रजीची सक्ती, गावच्या बायांना गृहीत धरणारी व्यवस्था, सगळं त्यात होतं, आणि एक ओळ होती: 'मी निरक्षर असल्याचं माझ्या मुलीने अनवधानाने लिहिलं.' आई चष्मा लावून ओसरीवर बसली. पेन घेऊन तिनं पहिलं पान पूर्ण कापलं. दुसऱ्यावर पाण्याची उंची, मीटर, मारबत आणि ती ओळ राहिली. त्या ओळीतला 'अनवधानाने' हा शब्दही तिनं कापला, आणि पुढे 'ते खोटं आहे' एवढं वाढवलं. मग खाली सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"नवा लिहून दे. आन जसाच्या तसा लिहजो."

मी लिहून दिला. तो तिनं पुन्हा वाचला.

निकालात मागची भिंत मिळाली. सामानाचे पैसे नाही मिळाले, ते मारबतीसोबत गेलं होतं आणि त्याचा कुठलाच कागद नव्हता. उन्हाळ्यात भिंत पाडून नवी बांधली. मिस्त्रीच्या हाताखाली मी विटा दिल्या, पाणी मारलं. आई त्या सुनावणीबद्दल पुन्हा कधी बोलली नाही. मी एकदा विषय काढायला गेले, तर म्हणाली, "चुलीवरचं दूध बघ."

भिंत झाली त्याच आठवड्यात शेजारीण आमच्याकडे आली. पुराच्या सरकारी मदतीच्या यादीतून तिचं नाव गळलं होतं आणि तहसीलमध्ये अर्ज द्यायचा होता. गावात असे अर्ज मीच लिहिते, गेली कितीतरी वर्षं. मी ओसरीवरच बसले होते, पेनही जवळ होतं. मी कागदासाठी हात पुढे केला. तिनं हाताकडे पाहिलं, "राहू दे माय," म्हणाली, आणि माझ्या बाजूनं आत गेली. आत आईनं चष्मा शोधायला घेतल्याचा आवाज आला. मग शेजारणीचा आवाज आला, ती सुरुवातीपासून सगळं सांगत होती.

मी तो हात मागे घेतला आणि तिथेच बसून राहिले.