कुंपणाच्या आतल्या घारी

तिला घारबाई हे नाव पाडलं ते तिच्या सख्ख्या थोरल्या भावाने, आणि तेही भर रस्त्यात, चार माणसांदेखत. त्याआधी ती विमानतळावरची पाखरंवाली बाई होती. धावपट्टीवर पक्षी येऊ द्यायचे नाहीत, हे तिचं काम. उजाडताच जीप काढायची, धावपट्टीला वळसा घालायचा, गवत वाढलंय का, खड्ड्यात पाणी साचलंय का, कुठे मेलेलं उंदीर-घूस पडून घारींना आवतण मिळतंय का, ते बघायचं. पाखरं उतरलेली दिसली की गॅसच्या तोफेचा बार काढायचा आणि टॉवरला कळवायचं.

"यात काय एवढं? बुजगावणंही हेच करतं, आणि पगार मागत नाही," असं सामान चढवणारे तिला ऐकू जाईल असं बोलायचे. ती उलटून बोलत नसे. पण त्यांच्यापैकी कुणी डब्यातलं उरलंसुरलं उघड्यावर झटकलं की त्याची तक्रार केल्याशिवाय राहत नसे. त्यामुळे तिच्यावरून जीव ओवाळून टाकणारं विमानतळावर कुणी नव्हतं. तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट आपण कुणाच्या भिडेला बळी पडत नाही, याचा तिला थोडा तोराच होता.

विमानतळाच्या कुंपणापलीकडे मटणाच्या दुकानांची एक ओळ होती. त्यातलं पहिलं दुकान भावाचं. वडील अचानक गेले तेव्हा तो शाळेत होता. त्याने दप्तर ठेवलं आणि ओट्यावर बसला. बहीण मात्र कॉलेजात गेली, प्राणिशास्त्र शिकली, नोकरीला लागली. "त्याने सुरा धरला म्हणून हिच्या हाती पेन आलं," असं आई येईल-जाईल त्याला सांगायची. भाऊ स्वतः हे कधी बोलला नाही.

विमानतळाच्या आसपास उघड्यावर मांस विकायला कायद्याने बंदी आहे. मांस तिथे घारी, आणि घार इंजिनात शिरली की विमानाचं काही खरं नाही. दुकानं जुनी होती, धावपट्टी वाढवता वाढवता त्यांच्या जवळ आली होती, पण कायद्याला कोण आधी आलं याच्याशी देणंघेणं नसतं. तिनेच जाऊन भावाला सांगितलं होतं, "दादा, घट्ट झाकणाची पिंपं आणा. दुकानाला जाळी लावा. आतडी-पिसं बाहेर दिसली तर मला काही करता येणार नाही." भावाने पिंपं आणली, नुसती आणली नाहीत तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मागे लागून सगळ्या ओळीला आणायला लावली. "माझी बहीण आत आहे, तिची मान खाली जाता कामा नये," असं तो त्यांना म्हणाला होता.

मग एका सकाळी उड्डाण घेणाऱ्या विमानाच्या इंजिनात घार गेली. मोठा आवाज झाला, धूर निघाला. वैमानिक सावध होता, म्हणून त्याने विमान कसंबसं फिरवून परत उतरवलं. माणसं वाचली, पण उतरताना बसलेल्या हिसक्याने एका हवाईसुंदरीचा खांदा निखळला. धावपट्टीवर पडलेली पिसं आणि मांसाचे तुकडे हिनेच हातमोजे घालून गोळा केले. बसमध्ये बसवलेले प्रवासी काचेतून तिच्याकडे बघत होते. एकाने खिडकी सरकवली आणि विचारलं, "तुम्हीच का त्या, पाखरं हाकलणाऱ्या? झोपला होतात का?"

दुपारी विमानतळाच्या व्यवस्थापकाने तिला बोलावलं. साहेब गोड बोलायचा, आणि जितका गोड तितका घातकी, असं त्याच्याबद्दल बोललं जायचं.

"वरचं पथक येणार," साहेब म्हणाला. "त्यांना दोन गोष्टी लागतात. कारण काय, आणि आपण त्यावर काय केलं. कारण तर समोर आहे. दुकानं हटवायची शिफारस तुमच्या सहीने जाऊ द्या."

"घारी दुकानांच्या पत्र्यांवर बसतात, हे खरं आहे," ती म्हणाली. "पण त्यांची पिंपं बंद असतात, सर. मला जरा अजून बघू द्या."

"बघा की. कितीही बघा." साहेबाने खुर्ची मागे सरकवली. "फक्त उद्या कुणी म्हणालं, की बाईंच्या भावाचं दुकान आहे म्हणून बाईंचा हात आखडला, तर मी काय सांगायचं तेवढं सांगून ठेवा."

बाण बरोबर बसला. तिने त्याच बैठकीत सही केली. घरी जाताना तिने स्वतःला समजावलं, की घारी पत्र्यांवर बसतात हे काही खोटं नाही.

दुकानं पाडायला जेसीबी आला त्या दिवशी तिला हजर राहावं लागलं. भाऊ दुकानापुढे उभा होता. त्याने ओरडाआरडा केला नाही. शेजाऱ्यांकडे वळून तो म्हणाला, "बघा रे, घारी हाकलायला सरकारने घारच पाठवलीय. या, घारबाई. काय न्यायचंय ते उचला."

लोक हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं.

"दादा, कायदा आहे. मी नाही केला."

"कायदा मला पाठ आहे. तूच शिकवलास. आता एक सांग. ती पिंपं आणल्यापासून आमच्या ओट्याखाली एक आतडं तरी उघडं दिसलं तुला?"

तिने ओट्याखालच्या बंद पिंपांकडे बघितलं.

"दिसलं का?"

"नाही."

"मग सही कसली केलीस?"

जेसीबीवाल्याने हॉर्न दिला. भाऊ बाजूला झाला. संध्याकाळी ती आईला भेटायला गेली तर वहिनी दारातच आडवी उभी. "वन्सं, आईंना भेटायचं असेल तर आई येतील तुमच्याकडे. या उंबऱ्याच्या आत तुमचं काम नाही." आतून आईचा खोकला ऐकू आला. आई बाहेर आली नाही.

घारबाई हे नाव मग कुंपण ओलांडून आत आलं. सामान चढवणाऱ्यांना तर आयतंच कोलीत मिळालं. तेही तिने सोसलं असतं. पण घारी कमी होईनात. दुकानांच्या जागी नुसती माती उरली, तरी सकाळी त्यांचं घिरट्या घालणं चालूच. आणि मग उतरणाऱ्या एका विमानाच्या पंखाला पुन्हा एक घार आपटली. नुकसान थोडक्यात निभावलं.

आता ती घारींच्या मागेच लागली. कुठून उठतात, कुठे उतरतात. उतरायच्या त्या मालगोदामाच्या पलीकडे, विमानात द्यायचं जेवण जिथे बनतं त्या स्वयंपाकघराच्या बाजूला. त्या आवाराला चहूबाजूंनी उंच पत्रे होते, वेगळं फाटक होतं, वेगळा रखवालदार होता. पूर्वी तिने आत जायचा पास मागितला होता, तेव्हा ठेकेदाराने कचरा बंद मशीनमध्ये दाबला जात असल्याचं कळवलं होतं, आणि तिने ते मानून घेतलं होतं. कुंपणाबाहेरचा ओटा ती रोज बघत होती, आतला तिने एकदाही बघितला नव्हता.

रखवालदाराने याही वेळी अडवलं. "परवानगी आणा, घारबाई."

तिने परवानगी आणली नाही. ती अग्निशमन दलाच्या प्रमुखाकडे गेली आणि शिडीची गाडी मागितली. प्रमुखाचंही तिच्याशी फारसं बरं नव्हतं. त्याच्या जवानांना तिने एकदा उष्ट्यावरून झापलं होतं. "शिडीची तपासणी आज करायचीच आहे," तो रुक्षपणे म्हणाला. "कुठे उभी करून करायची ते तुम्ही सांगा."

ती वर चढली. वारा होता. पत्र्यांच्या पलीकडे कचऱ्याचे मोठमोठे लोखंडी डबे उघडे पडले होते. हाडं, मांस, भात, अर्धे खाल्लेले पाव, सगळं वरपर्यंत भरून खाली सांडलेलं. घारी डब्यांच्या काठावर निवांत बसून खात होत्या. पोट भरलं की पूर्वी दुकानांच्या पत्र्यांवर जाऊन ऊन खात असणार. कोपऱ्यातल्या दाबयंत्राच्या चाकांभोवती गवत गुडघ्याएवढं वाढलेलं.

ती उतरली, तेव्हा प्रमुख स्वतः चढून बघून आला. "इथे तर कुंपणच शेत खातंय," तो म्हणाला. "पण मी काही बघितलं नाही. मी शिडी तपासली."

ती तशीच साहेबाच्या खोलीत गेली.

"ते मशीन कधीपासून बंद आहे?"

"सुटे भाग यायचेत," साहेब म्हणाला. त्याने कुठलं मशीन, असं विचारलंही नाही.

"म्हणजे पहिली घार इंजिनात गेली तेव्हाही बंद होतं. तुम्हाला ठाऊक होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तुम्ही."

"मी?" साहेबाने फोन उलटा ठेवला. "फाशी तुम्ही दिलीत, बाई. सही तुमची आहे. आता तुम्ही लिहिणार, की कारण भलतंच होतं. म्हणजे एक तर तुम्हाला तुमचं काम येत नाही, नाहीतर भावासाठी तुम्ही कोलांटी मारताय. लोकांनी यातलं काय मानायचं?"

"दोन्ही मानू द्या," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

त्याच दिवशी तिने विमानवाहतूक नियामकाकडे थेट तक्रार केली. शिडीवरून काढलेले फोटो जोडले, आणि आपली आधीची शिफारस पुरती न तपासता दिली होती, हेही लिहिलं. पथक आलं. त्यातल्या तपासनीस बाईंकडून आपल्याला दोन बरे शब्द ऐकायला मिळतील, असं तिला कुठेतरी वाटलं होतं. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि विचारलं, "आवाराच्या आत बघायला तुम्हाला दुसरी घार का लागली?" "ठेकेदाराचं म्हणणं मी मानून घेतलं होतं," ती म्हणाली. तपासनीस बाईंनी तेच लिहून घेतलं.

स्वयंपाकघराला टाळं लागलं. विमानात जेवणाऐवजी बिस्किटांचे पुडे वाटले जाऊ लागले. प्रवासी चिडले, विमान कंपन्या चिडल्या, आणि स्वयंपाकघरातल्या ज्या बायका भांडी घासून पोट भरत होत्या त्या फाटकाशी तिची वाट अडवून म्हणाल्या, "आधी भावाचा घास काढलास, आता आमचा. तुझं पोट भरलं का?" तिच्या स्कूटरचं सीट कुणीतरी ब्लेडने उभं-आडवं फाडलं. साहेबाची बदली झाली, ती याहून मोठ्या विमानतळावर. तिला लेखी ताकीद मिळाली, आणि त्याच आदेशात तिला या कामावरून हलवू नये असंही होतं. नव्या साहेबाने पहिल्या दिवशी तिला बजावलं, "ठेवायला सांगितलंय म्हणून ठेवतोय. आवडतेय म्हणून नाही."

डबे उचलले गेल्यावर घारी मात्र हळूहळू पांगल्या. आकाश मोकळं झालं.

मग ती भावाकडे गेली. तो आता एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये, काचेच्या काउंटरमागे, पांढरी टोपी घालून दुसऱ्याच्या कोंबड्या कापत होता. तिचा नंबर आला. त्याने मान वर केली.

"काय देऊ, बाई?"

"दादा, घारी तुमच्या दुकानांमुळे नव्हत्या. मी वर लिहून दिलंय."

"कळलं." त्याने फडक्याने फळी पुसली. "आमच्या जागेवर आता गाड्या लावतात. बघून आलो. जागा परत देणार का?"

"मी विचारलं. नाही म्हणतात."

"मग सांगायला कशाला आलीस?"

"माझं चुकलं हे सांगायला."

भावाने सुरा खाली ठेवला. आवाज चढवला नाही, मागच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ नये इतपतच बोलला. "साहेबाला घाबरून सही केली असतीस तर मी समजून घेतलं असतं. पोटासाठी माणूस घाबरतं. पण तू घाबरली नव्हतीस. आपण सख्ख्या भावालाही सोडत नाही, हे तुला चार लोकांना दाखवायचं होतं. माझ्या मानेवर पाय देऊन तू उंच झालीस. त्याला चूक म्हणत नाहीत."

तो म्हणाला त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

"मागे माणसं खोळंबलीत," भाऊ म्हणाला. "घ्यायचं नसेल तर बाजूला हो."

ती बाजूला झाली.

आता अधूनमधून आई तिच्याकडे येते. भाऊ तिला कोपऱ्यावर सोडतो, गाडी बंदही करत नाही, तिथूनच वळतो. आई वर येऊन धापा टाकत बसते, पाणी पिते, गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगते. एकदा घारबाईने न राहवून विचारलं, "तो माझ्याबद्दल काही बोलतो का गं?"

"तुझं नाव निघालं की ताटावरून उठतो," आई म्हणाली. "म्हणून आम्ही काढत नाही."