तिसरी बाई

थेरगावात डांगे चौकाकडून येणाऱ्या मोठ्या रस्त्यावर कुशाबाई सकाळी झाडायला यायची, तेव्हा दुकानांची शटर खाली असायची आणि उजाडायला थोडा अवकाश असायचा. परांड्याकडची ही बाई नवऱ्यामागे इकडे आली, नवरा गेला, आणि महापालिकेचा खराटा हातात आला तो आलाच. जोडीला गोजाबाई. दोघींनी मिळून तो एकच रस्ता इतकी वर्षं झाडला, की लोक एकीला बघून दुसरीची चौकशी करत.

माती साठायची ती दुभाजकाच्या कडेला. पण तिथे ढकलगाडी उभी केली की मागचे वाहनवाले हॉर्न वाजवून जीव खायचे. म्हणून गाडी पलीकडे, फुटपाथच्या बाजूला लावायची आणि माती घमेल्याने नेऊन टाकायची. दोघींना चमकत्या पट्ट्यांचं एकेक जॅकेट मिळालं होतं. साहेब रोज बजावायचे. पण ते पुरुषी मापाचं, गुडघ्याला टेकणारं. खाली वाकलं की पदर त्यात अडकायचा, घामाने अंग शिजायचं.

"मला न्हाई चमकायची हौस," गोजाबाई म्हणायची. "चमकायचं वय गेलं माझं. गाडीला घाला, ती तरी लग्नाची हाय."

मग ती एक जादा खराटा गाडीत उभा खोचायची आणि त्यावर जॅकेट चढवायची. लांबून वाटायचं, कुणीतरी उभं आहे. गोजाबाई तिला तिसरी बाई म्हणायची. कोठीवर, म्हणजे जिथे हजेरी लागते तिथे, साऱ्याच बाया आपापली तिसरी बाई उभी करू लागल्या.

गेल्या हिवाळ्यात, अशाच अर्धवट उजेडात, चाकणकडून आलेला एक टेम्पो वळला आणि दुभाजकाशी वाकलेल्या गोजाबाईवर गेला. कुशाबाई घमेलं रिकामं करायला गाडीपाशी आली होती, म्हणून वाचली.

टेम्पोवाला कोवळा पोरगा होता. फुटपाथवर बसून एकच बोलत होता. "मी त्या बाईला वाचवायला गाडी वळवली. कडेला उभी होती ती. कुठं गेली ती बाई?" जमलेल्या लोकांना वाटलं, दारू प्यालाय. कुशाबाईला कळलं. तिने गाडीकडे पाहिलं. जॅकेट तसंच उभं होतं, त्यावर एक डाग नव्हता.

मुकादम सोपानराव धावत आले. त्यांनी ते जॅकेट खराट्यावरून काढलं आणि गोजाबाईच्या अंगावर पांघरलं. साहेबांनी विचारलं, "जॅकेट घातलं होतं ना?" सोपानराव मागून पुटपुटले, "व्हय म्हण बाई, न्हाईतर गोजीच्या पोरीला काय मिळायचं न्हाई." कुशाबाई म्हणाली, "व्हय."

त्या दिवसापासून कुशाबाई कामावर आपलं जॅकेट अंगातून काढेना. घरी मात्र ते पत्र्याच्या डब्यात, कपड्यांच्या तळाशी ठेवायची. एकदा खिळ्याला अडकवलं होतं. खिडकीतून कुणाच्या तरी मोटारसायकलचा उजेड आत आला आणि भिंतीशी कुणीतरी उभं राहिलं. कुशाबाई चटकन उठून बसली, आणि तिच्या तोंडून निघालं, "गोजे, बस की."

गोजाबाईच्या जागी वारसा हक्काने तिची मुलगी सोनल लागली. सोपानरावांनी तिला कुशाबाईच्याच जोडीला दिलं.

पहिल्याच सकाळी सोनलने जॅकेटची घडी करून गाडीच्या दांड्याखाली खुपसली.

"घाल गं पोरी."

"मावशी, त्या दिवशी आईनं घातलं होतं ना? काय झालं मग?"

पुढच्या दिवशी कुशाबाईने पुन्हा सांगितलं, रागावून सांगितलं, स्वतःच्या हाताने घालायला गेली. सोनल हसून बाजूला झाली. "तुम्ही घाला ना दोन दोन. मला नाही विश्वास असल्या गोष्टींवर. आई गेली ती गेलीच."

आणि मग एका सकाळी कुशाबाई माती गोळा करून वळली, तर गाडीत खराटा उभा होता. त्यावर जॅकेट.

"आई असंच करायची ना?" सोनल म्हणाली. "घरी सांगायची, आमची तिसरी बाई काम करत नाही, नुसती बघते."

कुशाबाईने अंगातलं जॅकेट काढलं आणि सोनलला जबरदस्तीने चढवलं.

"त्या बसथांब्यापाशी जा. फुटपाथ सोडू नको. तिथनं इकडं बघ."

"काय बघू?"

"जा म्हणते ना!"

सोनल गेली. कुशाबाई दुभाजकाशी आली आणि रस्त्याकडे पाठ करून वाकली. खराटा चालू ठेवला. मागून इंजिनाचा आवाज आला. समोरच्या सिमेंटवर उजेड पसरत आला, तिची सावली मोठी झाली. तिला वळावंसं वाटलं. ती वळली नाही. गोजाबाईला शेवटी हेच दिसलं असेल, एवढंच मनात आलं. मग ब्रेक करकचून लागले आणि वाऱ्याने पदर डोक्यावरून उडाला.

मोटार हातभर अंतरावर थांबली होती. चालक काच खाली करून ओरडला, "मरायचंय का मावशी? तिकडच्या बाईला चुकवावं तर तुम्ही इकडं!"

सोनल धावत आली होती. "कुठली बाई?" तिने विचारलं.

"ती काय, कडेला उभी आहे ती!" चालकाने हात केला, शिवी हासडली आणि तो निघून गेला.

सोनल गाडीकडे पाहत राहिली. दुसऱ्या एका वाहनाचा उजेड आला. जॅकेट पेटल्यासारखं झालं आणि विझलं.

"मला तुम्ही दिसलाच नाहीत," ती हळूच म्हणाली. "मला तिथं आईच..." मग ती कुशाबाईकडे वळली. "आईच्या अंगात नव्हतं?"

"न्हवतं."

"साहेबांना काय सांगितलंत?"

"हुतं म्हणून."

"आणि आम्हाला?"

सोनलने खराट्यावरून जॅकेट ओढून काढलं आणि कुशाबाईच्या अंगावर टाकलं. "घाला." मग उरलेला रस्ता दोघींनी झाडला.

कोठीवर आल्यावर सोनल मुकादमांना म्हणाली, "मला दुसरी जोडी द्या."

"का गं? म्हातारी भांडली का?"

"तिच्याशेजारी मला झाडता येणार नाही."

सोपानरावांनी कुशाबाईकडे पाहिलं, आणि त्यांची नजर लगेच खाली गेली.

"द्या तिला," कुशाबाई म्हणाली.

आता सोनल मिनल नावाच्या दुसऱ्या बाईबरोबर ताथवड्याच्या बाजूला झाडते. तिने कोठीवर काय सांगितलं कुणास ठाऊक, पण निघण्याआधी ती एकेका गाडीतला उभा खराटा आडवा करते आणि बाया तिला काही बोलत नाहीत. कुशाबाईचं काम आधी संपतं, तरी ती कोठीच्या फाटकाशी थांबून राहते. सोनल येते, गुडघ्याला टेकणाऱ्या त्या जॅकेटात, घामाने भिजलेली. कुशाबाईकडे न बघता आत जाते. मग कुशाबाई घरची वाट धरते.