काचेची दारं

आमच्या स्वयंपाकघराचं काम करणारा मिस्त्री फार मोठ्याने बोलतो. निजामपुऱ्याच्या कापड कारखान्यात बरीच वर्षं खडखडणारे लूम चालवल्यामुळे त्याला ऐकू कमी येतं, म्हणून तो समोरच्याच्या ओठांकडे आणि हातांकडे बघत राहतो. मला त्या नजरेची आधी धास्तीच वाटायची.

हँडल, बिजागऱ्या, ड्रॉवर, मी सगळं तीन-तीनदा बदललं. रात्री झोप लागेना, काहीतरी चुकतंय असं वाटत राही. तो मात्र "हो जाएगा, ताई" म्हणत कानावरची पेन्सिल काढायचा आणि नवी रेघ मारायचा. अडून बसला तो फक्त वरच्या कपाटांच्या दारांवर. मला पांढरी सनमायका हवी होती, त्याला काच.

"काचेतून सगळा पसारा दिसेल," मी म्हटलं.

"दिसायलाच पाहिजे ना!"

माझ्या घरात हा कोण ठरवणार? मी बोलणार, तेवढ्यात आई चहा करायला आली. तिने जुन्या कपाटाचं एक दार उघडलं, मिटलं, दुसरं उघडलं, मग पुन्हा पहिलं. साखर नेहमीच्याच जागी होती.

"वय झालं," मी हसून म्हटलं.

तो हसला नाही. आई गेल्यावर पहिल्यांदाच हळू बोलला, "अम्मा रोज असंच करते, ताई. बंद दाराच्या मागे काय हाय, तिला याद नाय राहत."

आठ दिवस तो तिचे हात बघत होता. मी हँडलं बघत होते.

"काच लावा," मी म्हटलं. आवाज फुटलाच नाही.

त्याने माझ्या ओठांकडे बघितलं आणि पेन्सिल काढली.